सध्या काय वाचताय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमच्या वाचनगटात प्रत्येक जण सध्या काय वाचतोय ते सांगतो. पण ‘अप्रतिम’, ‘नक्की वाचा’ यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. पुस्तक सुचवायचं कसं?

उत्तर : ‘अप्रतिम’ म्हटल्यावर पुस्तक तुम्हाला आवडलं एवढंच कळतं. ऐकणाऱ्याला मात्र ते हातात घ्यायचं की नाही हे ठरवायचं असतं. त्यासाठी त्याला पुस्तकाचा आणि लेखकाचा पूर्ण उल्लेख हवा, अनुवाद असेल तर अनुवादकाचंही नाव हवं. पुस्तक केवढं आहे, कथा कुठे आणि कोणाभोवती घडते, भाषा सोपी की रेंगाळत वाचण्याची, हेही सांगा. सगळ्यांत उपयोगी आणि नेमकं तेच राहून जातं, ते म्हणजे हे पुस्तक कोणी आत्ता घेऊ नये.

नमुना म्हणून ‘रणांगण’ घ्या. ‘फार सुंदर प्रेमकथा, चुकवू नका’ असं न म्हणता असं म्हणता येईल: “रणांगण, लेखक विश्राम बेडेकर, 1939 ची कादंबरी. बहुतेक सगळं युरोपातून निघालेल्या बोटीवर घडतं. चक्रधर हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी. छोटी कादंबरी आहे, दोन-तीन बैठकींत होते. पण वाचून झाल्यावर ती बराच काळ पिच्छा सोडत नाही, तेव्हा हलकंफुलकं हवं असेल तर सध्या बाजूला ठेवा.” एवढ्यात शेवट फुटत नाही आणि ऐकणाऱ्याला निर्णय घेता येतो.

शिफारस फसण्याची कारणं ठरलेली आहेत. उत्साहाच्या भरात अर्धी गोष्ट सांगून टाकली जाते. कथेचा पहिला चतुर्थांश सांगितला की थांबावं, हा मोजमाप म्हणून बरा नियम आहे. दुसरं कारण म्हणजे ‘वाचतोय’ आणि ‘वाचून झालं’ यांतला फरक कोणी सांगत नाही. 300 पानांतल्या 40 पानांवर बसलेलं मत आणि शेवटचं पान मिटल्यावरचं मत यांचं वजन सारखं नसतं, म्हणून ‘अजून पाव भागच झालाय’ असं आधीच सांगा. सुरुवात संथ असेल तर तीही लपवू नका. पुस्तक साठाव्या पानापासून वेग घेतं हे ठाऊक असलेला माणूस तिथवर पोचतो. ठाऊक नसलेला तिसाव्या पानावर पुस्तक ठेवून देतो आणि पुढच्या वेळी तुमचं ऐकत नाही.

प्रश्न : नेमाड्यांची ‘कोसला’ वाचून झाली. पुढचा भाग ‘बिढार’ असं कोणी सांगितलं, कोणी ‘झूल’. क्रम काय?

उत्तर : ‘कोसला’ (1963) स्वतंत्र कादंबरी आहे, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर. त्यानंतरच्या चार कादंबऱ्या चांगदेव पाटील या वेगळ्या माणसाच्या आहेत. त्यांचा क्रम बिढार, हूल, जरीला, झूल असा. चांगदेव नोकरीनिमित्त गावोगाव फिरतो, त्यामुळे मधूनच सुरुवात केली तर आधीची माणसं आणि संदर्भ निसटतात.

आनंद यादवांच्या आत्मचरित्रालाही हेच लागू: झोंबी, नांगरणी, घरभिंती, काचवेल. त्यातली ‘झोंबी’ एकटी वाचली तरी पुरी वाटते. बाकीच्या तिन्ही मागचं धरून चालतात. मालिकेतलं पुस्तक सुचवताना ‘पहिलं आहे’ किंवा ‘तिसरं आहे’ हे दोन शब्द न विसरता जोडा.

प्रश्न : ‘गुन्हा आणि शिक्षा’ ही दस्तयेव्हस्कीची कादंबरी गटात सुचवली गेली. वेगवेगळे अनुवाद दिसतात, शिवाय नावांच्या गोंधळात मी एकदा सोडून दिली आहे. काय करावं?

उत्तर : आधी पुस्तक पूर्ण आहे का ते तपासा. शीर्षकपानावर ‘अनुवाद’, ‘रूपांतर’, ‘संक्षिप्त’ यांतलं काय छापलंय ते बघा. मूळ कादंबरीचे 6 भाग आणि एक उपसंहार आहे. अनुक्रमणिकेत ते दिसत नसतील, पुस्तक दीड-दोनशे पानांत आटोपत असेल, तर ती संक्षिप्त आवृत्ती समजा. संक्षिप्त वाचायला हरकत नाही, पण गटात इतर जण पूर्ण वाचत असतील तर चर्चेत तुमची पंचाईत होईल.

पूर्ण असलेल्या दोन अनुवादांतून निवडायचं असेल तर दोन्हींतला एकच संवादाचा प्रसंग मोठ्याने वाचून पाहा. वर्णनात बरेच अनुवाद तरून जातात. बोलण्यात मराठी अवघडलेलं असेल तर ते लगेच कानाला खटकतं.

आता नावं. रशियन माणसाचं नाव तीन भागांचं असतं: स्वतःचं, वडिलांवरून आलेलं आणि आडनाव. त्यावर घरातली लाडकी नावं वेगळीच. नायक रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव, आईला तो रोद्या. त्याची बहीण अवदोत्या रोमानोव्हना, घरी दून्या. मधलं नाव दोघांचं जुळतं, कारण वडील रोमान. हे एकदा लक्षात आलं की माणसांची संख्या निम्म्यावर आल्यासारखी वाटते. जाड कागदाची खूणचिठ्ठी करा, तिच्यावर प्रत्येक पात्राची सगळी नावं एका ओळीत आणि पुढे नातं लिहा. पहिला भाग संपेपर्यंत ती भरवत राहा, पुढे फारशी लागत नाही.

प्रश्न : सुचवलेल्या पुस्तकांची यादी इतकी वाढलीय की काहीच वाचून होत नाही.

उत्तर : नावापुढे कोणी सुचवलं आणि का, हे लिहायला लागा. ‘का’ आठवत नसेल ती नोंद खोडा. उरलेल्यांतून एका वेळी तीनच पुस्तकं पुढे घ्या: एक सोपं, एक जड, एक तुमच्या नेहमीच्या विषयाबाहेरचं. प्रत्येकाची पहिली दहा पानं वाचा, मग मधलं एखादं पान. मधलं पान महत्त्वाचं, कारण सुरुवातीवर लेखकाने जास्त मेहनत घेतलेली असू शकते. त्या दहा पानांना किती मिनिटं लागली ते पाहिलंत तर अंदाजही येतो. दहा पानांना 20 मिनिटं म्हणजे 300 पानांना 10 तास, रोज अर्धा तास दिला तर 20 दिवस.

प्रश्न : गटात सगळे मिळून एक पुस्तक वाचतो, पण मागे राहिलेल्यांचा रसभंग होतो.

उत्तर : टप्पा पानांनी ठरवू नका, आवृत्तीगणिक पानं बदलतात. ‘प्रकरण 8 पर्यंत’ असं ठरवा आणि त्यापुढचा शब्द काढायचा नाही. आठवड्याला 70-80 पानांहून मोठा टप्पा ठेवला की निम्मे जण मागे पडतात.

प्रश्न : बरीच वर्षं पुस्तक हातात न घेतलेल्या माणसाला काय द्यावं?

उत्तर : व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’. प्रत्येक व्यक्तिचित्र स्वतंत्र, एका बैठकीत एक होतं, आणि मध्ये आठ दिवस गेले तरी धागा तुटत नाही. ते आवडलं तर त्यांचीच ‘बनगरवाडी’ (1955): धनगरांच्या लहानशा वाडीत शाळामास्तर म्हणून गेलेल्या तरुणाची कादंबरी, छोटी वाक्यं, थोडी पानं. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी भेट म्हणून देण्याचा मोह होतो, तो आवरा. ती अर्धवट राहिली की माणूस पुन्हा वाचनापासून लांब जातो. पुस्तक दिल्यावर ‘वाचलंस का?’ असं विचारत बसू नका. तो आपणहून एखाद्या माणसाबद्दल बोलेल तेव्हा दुसरं पुस्तक पुढे करा.