दारू सुटायला महिनाभराचं व्यसनमुक्ती केंद्र पुरेसं होतं का?

बहुतेकांना होत नाही. केंद्रातून आल्यावर निदान वर्षभर उपचार चालू राहतील अशी तयारी ठेवा. दारू थांबवल्यावरची थरथर, घाम साधारण आठवड्याभरात ओसरतात, पण दारूची ओढ कित्येक महिने टिकते, आणि पुन्हा प्यायला लागण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांतच सर्वांत जास्त असतो. म्हणजे माणूस घरी परततो तो नेमका या कठीण काळात. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसनसंशोधन संस्थेच्या मार्गदर्शनात 90 दिवसांहून कमी उपचारांचा उपयोग मर्यादित मानला आहे. मात्र हे 90 दिवस भरती राहण्याचे नव्हेत, बाह्यरुग्ण उपचारही त्यात धरले जातात. त्यामुळे तीन महिने भरती ठेवण्यासाठी कर्ज काढू नका, कळकळीने सांगतो. महिनाभर केंद्रात आणि नंतर नियमित पाठपुरावा, हे पुष्कळांना जमतं आणि परवडतं. घरी आल्यावर हे चालू ठेवा:

- समुपदेशन, त्यात घरच्यांनीही बसावं
- डॉक्टरांनी दिल्यास नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी, दारूची ओढ कमी करणारी गोळी
- अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या गटाच्या सभा. त्यांना फी नसते

एक गोष्ट मात्र वेगळी: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. सुरुवातीचे हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायला हवेत.