‘आशय’ आणि ‘आशयसूत्र’

प्रश्न असा आहे : ‘कवितेचा आशय लिहा’, ‘आशयसूत्र स्पष्ट करा’ आणि ‘मध्यवर्ती कल्पना सांगा’ या तिन्हींना एकच उत्तर चालते का? आणि ‘तंत्र’ या सगळ्यात कुठे बसते?

एकच उत्तर चालत नाही. घोळाचे मूळ ‘आशय’ या शब्दाच्या रोजच्या वापरात आहे. ‘अशा आशयाचे पत्र दिले’, ‘त्या आशयाचा ठराव झाला’ असे आपण सर्रास म्हणतो, आणि तिथे आशय म्हणजे मजकुराचा गोषवारा. हीच सवय साहित्याकडे आली की ‘आशय लिहा’ म्हटल्यावर गोष्ट थोडक्यात सांगितली जाते किंवा कवितेच्या ओळी गद्यात उतरवल्या जातात. समीक्षेतला आशय मात्र जलाशय, गर्भाशय, आमाशय या शब्दांतल्या आशयाच्या जवळचा आहे. संस्कृतात ‘आ + शी’ म्हणजे पहुडणे, वसणे. आशय म्हणजे वसण्याची, साठण्याची जागा. साहित्यकृतीत जे जे साठलेले आहे ते सगळे तिच्या आशयात येते : प्रसंग, माणसे, भावना, विचार आणि त्यांचे आपसांतले ताण. या साठ्यातून आरपार ओवलेला दोरा म्हणजे आशयसूत्र. दोरे एकाहून अधिक असू शकतात, म्हणून ‘आशयसूत्रे’ हे अनेकवचन अगदी योग्य आहे. ‘मध्यवर्ती कल्पना’ म्हटले की मात्र एकच धरावी लागते. छोट्या कवितेला ते जमते. मोठ्या कादंबरीवर तो शब्द लादला की अर्धी कादंबरी बाहेर राहते.

आता विषय आणि आशयसूत्र. विषय नामाने सांगता येतो : एकाकीपणा, स्थलांतर, म्हातारपण. आशयसूत्राला क्रियापद लागते, कारण ते विषयाबद्दल काहीतरी म्हणते. ‘एकाकीपणा’ हा विषय झाला. ‘सोबत मागायची सवय सुटलेल्या माणसाला मिळालेली सोबतही ओझे वाटू लागते’ हे आशयसूत्र. उत्तर एका शब्दात संपत असेल, तर तुम्ही अजून विषयापाशीच आहात.

वाक्य लिहिले की त्याचे क्रियापद पाहा. ते ‘-वे’, ‘पाहिजे’ किंवा ‘नये’ असे असेल, तर हातात तात्पर्य आले आहे. ‘म्हाताऱ्यांना एकटे सोडू नये’ हे तात्पर्य. बोधकथेला ते शोभते, कारण ती त्याच्यासाठीच लिहिलेली असते. इतर कथा-कवितांना ते बाहेरून चिकटवले जाते. वाक्यातून पात्रांची आणि गावांची नावेही काढून टाका. ती काढल्यावर वाक्य कोसळत असेल, तर ते कथानक आहे. शेवटी, वाक्याला कृतीतल्या किमान तीन वेगवेगळ्या जागांचा आधार दाखवा, आणि त्यातली एक शेवटाकडची असू द्या. बहुतेक चुकीची आशयसूत्रे या शेवटच्या कसोटीवर मोडतात. ती पहिल्या चार ओळींवर किंवा पहिल्या प्रकरणावर बेतलेली असतात आणि पुढे कृती वळण घेते.

तंत्र म्हणजे हा दोरा ज्या रीतींनी ओवला जातो त्या : निवेदन कोण करते, काळ मागेपुढे कसा होतो, प्रतिमा कोणत्या, वाक्य कुठे तुटते, लय कुठे थांबते. ‘कवीने प्रतिमांचा प्रभावी वापर केला आहे’ या वाक्यात तंत्राचे नाव आहे, विश्लेषण नाही. जागा आणि परिणाम, दोन्ही सांगितल्याशिवाय ते पुरे होत नाही.

बालकवींची ‘औदुंबर’ घ्या. आठच ओळी आहेत आणि बहुतेकांना पाठ आहेत. ‘निसर्गवर्णन’ हा तिचा विषय म्हणून सांगून थांबणारी उत्तरे खूप. पण फक्त रंग क्रमाने मांडले तरी काहीतरी हलताना दिसते : हिरवाळी, निळासावळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. हिरवा पुन्हापुन्हा येतो, पांढरा एकदाच येतो तो पायवाटेला, आणि ती पायवाट जाते काळ्या डोहाकडे. आता क्रियापदे पाहा. झरा ‘वाहतो’, पायवाट ‘पडे’ आणि ‘चालली’, काळिमा ‘पसरी’, आणि शेवटी औदुंबर ‘बसला’. वाहण्यापासून बसण्यापर्यंत कविता सावकाश थांबत जाते. त्यात ‘पायवाट पडणे’ हा वाक्प्रयोग फार मोलाचा आहे. पायवाट पडते ती माणसांच्या चालण्याने. घरे आहेत, शेतमळे आहेत, वाट पडली आहे, पण माणूस एकही दिसत नाही. संपूर्ण कवितेत ‘पाय’ आहेत ते झाडाला.

इथवर आल्यावर ‘काळा डोह म्हणजे मृत्यू’ असे समीकरण मांडायचा मोह होतो. घाई करू नका. सातव्या ओळीत ‘गोड’ हा शब्द आडवा येतो. ‘झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’. गोड कोण, जळ की काळिमा? व्याकरणाला दोन्ही चालते. लय मात्र कौल देते. ओळीचा पहिला भाग आठ-आठ मात्रांच्या दोन तुकड्यांत पडतो : ‘ऐल तटावर / पैल तटावर’, ‘निळासावळा / झरा वाहतो’. तसेच इथेही ‘झाकळुनी जळ / गोड काळिमा’. म्हणजे कानाला ‘गोड’ हा काळिम्याशी जोडलेला ऐकू येतो. शेवटच्या ओळीतही ‘पाय टाकुनी / जळात बसला’ इथे सोळा मात्रा भरतात आणि लय विसावते, म्हणून ‘असला’ हा शब्द ‘बसला असला’ असा अंदाजाकडे न जाता ‘असला औदुंबर’ म्हणजे ‘असा हा औदुंबर’ याकडे झुकतो.

या पुराव्यावर आशयसूत्र लिहायचे तर : ‘गजबजलेले हिरवे जग ज्या दिशेने सरकते तिथे काळोख आहे, आणि त्या काळोखात भयाऐवजी विसावा आहे.’ कसोट्या लावून पाहा. क्रियापद ‘आहे’, ‘-वे’ नाही. औदुंबराचे नाव काढलेले आहे. आधार पायवाटेच्या दिशेचा, ‘गोड’चा आणि ‘बसला’चा, त्यातले दोन शेवटच्या दोन ओळींतले. कुणी याच पुराव्यावरून ‘माणसे नसलेल्या जगातही माणसांची खूण पुसली जात नाही’ असेही लिहील, आणि ते मान्य व्हावे, कारण घरे, शेतमळे, पायवाट आणि झाडाला दिलेले पाय हे आधार खरे आहेत. ‘निसर्ग जपावा’ मात्र मान्य होणार नाही. त्याला कवितेत एकही ओळ सापडत नाही.

प्रतिमा आणि प्रतीक हे शब्दही याच ठिकाणी जपून वापरावेत. ‘काळा डोह’ ही आधी प्रतिमा आहे : डोळ्यांना दिसणारी, आपल्या जागी पूर्ण. कृती स्वतःच तिला पलीकडच्या अर्थाकडे पुन्हापुन्हा नेते तेव्हाच तिला प्रतीक म्हणावे. केशवसुतांच्या ‘तुतारी’त वाद्याला सुरुवातीपासून जागवण्याचे काम दिलेले आहे, तिथे प्रतीक म्हणायला संकोच नको. ‘औदुंबर’मध्ये डोह प्रतीक होतो की नाही हे वाचकाला सिद्ध करावे लागते, आणि सिद्ध करण्याची साधने म्हणजे वर पाहिलेले रंग, क्रियापदे आणि मात्रा हीच.

लेखनाबद्दल : ‘आशयसूत्र’ हा सामासिक शब्द जोडूनच लिहावा, लिंग नपुंसक. ‘थीम’ बोलण्यात चालते आणि त्याला हरकत नाही, पण विषय आणि आशयसूत्र या दोन्हींसाठी तो एकच शब्द वापरला जातो. म्हणून लिहिताना त्यातले नेमके कोणते अभिप्रेत आहे ते ठरवून मराठी शब्द घ्यावा.