वाचकांचे प्रश्न : गावातला सैनिक स्मृतिसोहळा

आमच्या गावात दरवर्षी २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, स्मारकापाशी कार्यक्रम होतो. यंदा हुतात्मा जवानांच्या नावांचा ग्रॅनाइटचा फलक बसवायचा आहे. जुन्याजाणत्यांना विचारून यादी केली, पण दोन-तीन नावांवरून वाद आहे. खात्री कशी करावी? (ग्रामपंचायत सदस्य)

ऐकीव यादी दगडावर चढवू नका. स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी पहिली चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करा. त्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उद्घाटन झालेल्या या स्मारकात त्यागचक्राच्या भिंतींवर प्रत्येक हुतात्म्याच्या नावाची वेगळी ग्रॅनाइटची वीट आहे.

महायुद्धांतल्या नावांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (दोन्ही महायुद्धांतल्या राष्ट्रकुल देशांच्या मृत सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची) नोंदवही उपयोगी पडते. तिच्यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू आहेत. बऱ्याच नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही सापडतो. अडचण स्पेलिंगची येते. इंग्रज कारकुनाने कानाला जसे वाटले तसे नाव लिहिले, त्यामुळे आडनाव एका स्पेलिंगने मिळाले नाही तर दुसऱ्या-तिसऱ्याने पाहा, गावाच्या नावाने पाहा, वडिलांच्या नावानेही पाहा. आडनाव मुळात नोंदलेलेच नाही, असेही पुष्कळदा आढळते.

नावे हुद्द्यानुसार लावू नका, हौतात्म्याच्या तारखेनुसार लावा. सुभेदार वर आणि शिपाई खाली ही रांग स्मारकावर शोभत नाही. हुद्दा, पूर्ण नाव, पलटण, ठिकाण, तारीख एवढा मजकूर पुरे. कोरण्याआधी खऱ्या आकारातला छापील नमुना घरच्यांना दाखवा आणि त्यावर त्यांची सही घ्या. ‘नायक’ हा हुद्दा आहे आणि ‘नाईक’ हे आडनाव, पण कारागिराच्या हातून एकाचे दुसरे सहज होते. चूक कोरली गेली तर ग्रॅनाइट खोडता येत नाही, अख्खा फलक बदलावा लागतो.

कार्यक्रम दोन-अडीच तास लांबतो, म्हातारे फौजी उन्हापावसात ताटकळतात. क्रम कसा ठेवावा? (माध्यमिक शाळेतील शिक्षिका, सूत्रसंचालक)

कार्यक्रम लांबतो तो बहुतेक भाषणांमुळे आणि पुष्पचक्रांमुळे. एक पुष्पचक्र वाहायला, म्हणजे नाव पुकारणे, चालत येणे, ठेवणे, एक पाऊल मागे येऊन मानवंदना देणे, याला पाऊण मिनिट लागते. वीस जणांची यादी असेल तर पाव तास तिथेच गेला. म्हणून पुष्पचक्रे पाचच ठेवा: पहिले वीरमाता, वीरपिता किंवा वीरपत्नीच्या हातून, मग माजी सैनिक, मग सेवेतला सैनिक किंवा अधिकारी, प्रशासन आणि शेवटी गाव. बाकी सर्वांसाठी फुलांची परडी ठेवा, ती समारंभ संपल्यावर. याद्यांवरून रुसवेफुगवे होतील. तरी कुटुंबाचा पहिला मान सोडू नका, कारण दिवस त्यांचा आहे.

क्रम असा: सर्वांना ‘सावधान’, नावांचे वाचन, पुष्पचक्रे, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ (हुतात्म्यांना निरोप देणारी धून), दोन मिनिटे मौन, ‘राउझ’ (मौन संपल्याची बिगुलाची धून), मग सत्कार, एकच भाषण आणि शेवटी राष्ट्रगीत. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचे असते. ध्वनिमुद्रण त्यापेक्षा बरेच मोठे असेल तर ते वाद्यवृंदाचे सजवलेले रूप समजा आणि वापरू नका.

नावांचे वाचन हा सोहळ्याचा गाभा आहे. घाई करू नका. प्रत्येक नावानंतर दोन श्वासांइतके थांबा. उच्चार आदल्या दिवशी घरच्यांना विचारून घ्या आणि कागदावर मोठ्या अक्षरांत, एका ओळीत एकच नाव लिहा.

मौन बहुतेक ठिकाणी चाळीस-पन्नास सेकंदांतच मोडते. माइकसमोर उभ्या माणसाला शांतता फार लांब वाटते आणि तो अंदाजाने ‘धन्यवाद’ म्हणून मोकळा होतो. वेळ मोजायचे काम सूत्रसंचालकाकडे नकोच. स्टॉपवॉच घेऊन दुसरा माणूस बिगुलवाल्याच्या शेजारी उभा करा. १२० सेकंद पूर्ण झाले की त्याने खूण करायची आणि ‘राउझ’ सुरू व्हायचा. मौन संपल्याचे तोंडाने सांगावे लागत नाही. बिगुलवाला नसेल तर ध्वनिमुद्रण चालते, पण ज्या फोनवरून वाजवणार तो एअरप्लेन मोडवर ठेवा. ऐन मौनात स्पीकरवर रिंगटोन वाजली तर सगळेच बिघडते.

एनसीसीच्या मुलांकडून ‘शोक शस्त्र’ (रायफल उलटी धरून दिलेली मानवंदना) करून घ्यायचे असेल तर आठवडाभर तालीम हवी. ही कवायत रोजच्या सरावातली नाही, आणि एकाची रायफल उलटी, दुसऱ्याची सुलटी असे दृश्य वीरमातेसमोर होऊ नये. तालीम झाली नसेल तर मुलांना नुसते ‘सावधान’ उभे करा, तेही तितकेच सुंदर दिसते.

जुलैत पाऊस धरूनच चला. ओला ग्रॅनाइट बर्फासारखा निसरडा होतो, तेव्हा चौथऱ्यावर आणि पायऱ्यांवर काथ्याची चटई टाका. ज्येष्ठांना हाताच्या खुर्च्या द्या, म्हणजे मानवंदनेला उठताना आधार मिळतो. सत्कारासाठी त्यांना व्यासपीठावर चढवू नका, पाहुण्यांनीच त्यांच्या खुर्चीपाशी जावे. सगळे मिळून सव्वा तास पुरतो.

त्या दिवशी स्मारकावर तिरंगा पांघरतात आणि स्तंभावरचा ध्वज अर्ध्यावर आणतात. हे योग्य आहे का? (माजी सैनिक संघटनेचे कार्यकर्ते)

दोन्ही चूक आहे. ध्वजसंहिता, २००२ नुसार तिरंगा पुतळ्यावर किंवा स्मारकावर आच्छादन म्हणून घालता येत नाही. अनावरणासाठी साधे पांढरे किंवा भगवे कापड घ्या आणि ध्वज वेगळा, मानाच्या जागी लावा. तिरंगा पांघरण्याचा मान शासकीय, सैनिकी आणि निमलष्करी अंत्यविधीपुरता आहे. तेव्हाही केशरी पट्टा डोक्याकडे येतो आणि दहनापूर्वी ध्वज काढून घेतात.

ध्वज अर्ध्यावर आणण्याचा निर्णय शासनाचा असतो, गावाचा किंवा समितीचा नाही. वार्षिक स्मृतिदिनी ध्वज पूर्ण उंचीवरच हवा. शासकीय दुखवट्यात तो अर्ध्यावर ठेवायचा झाला तरी आधी टोकापर्यंत नेऊन मग खाली आणतात, आणि संध्याकाळी उतरवण्यापूर्वी पुन्हा टोकाला नेतात. ही पायरी हमखास विसरली जाते.

दिवंगत वडिलांची पदके मी लावू शकते का? आणि कोणत्या बाजूला? (वीरकन्या)

जरूर लावा, उजव्या छातीवर. डावी बाजू ज्याने पदक स्वतः मिळवले त्याची. माजी सैनिकांनी डावीकडे लावताना सर्वांत वरचे पदक छातीच्या मध्याकडे येईल असे पाहावे. पोशाख ब्लेझर, पलटणीचा टाय आणि बेरे टोपी असा असावा. निमंत्रणपत्रिकेत ‘सुभेदार अमुक तमुक (निवृत्त)’ असे लिहा, ‘निवृत्त सुभेदार’ असे नको. निवृत्त माणूस होतो, हुद्दा होत नाही.

सत्काराच्या वेळी वीरपत्नीला कुंकू लावावे की नाही, यावरून बायकांत कुजबुज होते. काय करावे? (महिला मंडळाच्या अध्यक्षा)

त्यांना स्वतःलाच आदल्या दिवशी, घरी जाऊन विचारा. ‘ताई, इतर सगळ्यांसारखे तुम्हालाही लावू ना?’ एवढेच. हो म्हणाल्या तर लावा, नको म्हणाल्या तर नको. करंडा घेऊन रांगेतून येणारीने ऐन वेळी थबकणे आणि त्यांना वगळून पुढच्या बाईकडे वळणे, हे मात्र कदापि होऊ देऊ नका. सगळ्या गावासमोर तो अपमान असतो. दीपप्रज्वलनही त्यांच्याच हातून करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. तुमच्या गावात असा ठराव झाला नसेल तर ग्रामसभेत मांडा.

चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे, पिवळी पडली आहे. कार्यक्रमाआधी चिंचेने घासली तर? (ग्रंथपाल)

अजिबात नको. चिंच, लिंबू, फरशीचे ॲसिड, सगळे आम्लधर्मी आहे आणि संगमरवर त्यात विरघळतो. पाटी पांढरी दिसेल, पण अक्षरांच्या कडा झिजतील आणि दोन-चार वर्षांत आकडे वाचता येणार नाहीत. आधी सरळ समोरून आणि मग बाजूने तिरपा उजेड टाकून फोटो काढून ठेवा, तिरप्या उजेडात पुसट अक्षरेही उठून दिसतात. मग साधे पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश, फार तर दोन थेंब सौम्य साबण, आणि खालून वर हलक्या हाताने धुवा. ब्रशने न गेलेला डाग तसाच राहू द्या. अक्षरांत काळा ऑइलपेंट भरण्याचा मोह टाळा, कारण तो संगमरवरात मुरतो आणि नंतर निघत नाही.