नवी पिकअप बुक करण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सौर पंप बसवण्याच्या कामासाठी भाड्याच्या गाडीवर विसंबून न राहता स्वतःची पिकअप घ्यायची, हा तुझा निर्णय मला पटला. कोणत्या कंपनीची गाडी घ्यावी, असे तू विचारले आहेस. महिंद्रा, टाटा, अशोक लेलँड, इसुझू या सगळ्यांच्या गाड्या आपल्या भागातल्या रस्त्यांवर चालतात, आणि ज्या गाडीचे सर्व्हिस सेंटर तुझ्या तालुक्याला जवळ आहे व जिचे सुटे भाग गावातल्या मेकॅनिककडेही मिळतात, ती घे. मला जास्त काळजी वाटते ती केबिनची आणि हौद्याची, कारण कंपनी चुकली तर फार तर दुरुस्तीला थोडी पायपीट होते, पण केबिन चुकली तर पुढची आठ-दहा वर्षे रोज सकाळी माल भरताना ती नडते.

दुहेरी केबिनच्या गाडीकडे तुझा ओढा आहे, हे तुझ्या पत्रावरून दिसते. चार माणसांची टोळी, त्यांचे डबे आणि हत्यारे एकाच गाडीत बसतील, हा तुझा विचार समजण्यासारखा आहे. परंतु गाडीची लांबी ठरलेली असते आणि मागच्या बाकाला लागणारी जागा हौद्यातूनच वजा होते, हे लक्षात घे. बोलेरो कॅम्परसारख्या दुहेरी केबिनच्या गाडीत हौदा पाच फुटांच्या आतबाहेर उरतो आणि भारक्षमता साधारण एक टन असते, तर एकेरी केबिनच्या मोठ्या पिकअपमध्ये हौदा नऊ-दहा फुटांपर्यंत जातो आणि महिंद्राची बोलेरो मॅक्स एचडी किंवा टाटाची योद्धा २.० यांसारख्या गाड्यांची भारक्षमता दोन टनांपर्यंत मिळते. आता तुझा माल पाहा. हल्ली जे ५४० वॅटचे पॅनेल येतात, ते सुमारे २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाचे असतात. पॅनेल लांब कडेवर उभे ठेवून, मध्ये फोम घालून आणि पट्ट्याने आवळून नेणे सुरक्षित असते. आडवे एकावर एक रचले, तर कच्च्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी खालच्या पॅनेलमधल्या सेलना सूक्ष्म भेगा पडतात आणि त्या डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणजे हौदा आतून किमान आठ फूट हवाच. पाच फुटांच्या हौद्यात पॅनेल फाळक्याबाहेर अडीच फूट लोंबतील. असा माल नेणे कायद्यात बसत नाही आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकते.

वजनाचा हिशेबही अंदाजाने करू नकोस. पाच अश्वशक्तीच्या एका संचाला असे नऊ पॅनेल लागतात, म्हणजे अडीचशे किलो. पायाच्या काँक्रीटसाठी सिमेंटच्या आठ गोण्या धरल्या तर चारशे किलो. त्यावर लोखंडी सांगाडा, पंप, कंट्रोलर, पाइप, केबल आणि जिथे पाणी नाही तिथे टाकीतून न्यावे लागणारे पाणी. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, हे गाडी भरताना हमखास विसरले जाते. पुढच्या आठवड्यात भाड्याची गाडी नेहमीसारखी भरून जवळच्या वजनकाट्यावर ने, मग रिकामी करून पुन्हा तोल आणि दोन्ही पावत्या जपून ठेव. त्या आकड्यात गाडीत बसणाऱ्या माणसांचे वजन मिळव आणि वर वीस टक्के मोकळीक धर. कंपनीच्या पत्रकात जी भारक्षमता छापलेली असते, ती मूळ गाडीची असते. त्यावर तू लोखंडी पिंजरा, ताडपत्रीचे कांब आणि हत्यारांची पेटी बसवलीस की तेवढे वजन त्यातून कमी झालेच. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल सापडला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे किमान २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. रस्त्याच्या कडेला उतरवलेले पॅनेल सांभाळत बसण्याची वेळ तुझ्यावर येऊ नये.

या हिशेबावरून मी तुला एकेरी केबिनची, आठ फुटांहून लांब हौद्याची गाडी सुचवतो. परंतु त्यासोबत माणसांचा प्रश्न सोडवल्याशिवाय बुकिंग करू नकोस, कारण या पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे. आपल्याकडे एकेरी केबिन घेतली की उरलेली मुले मालावर बसतात, आणि ते इतके सवयीचे झाले आहे की कुणाला त्यात काही वावगे दिसत नाही. हौद्यात माणसे बसवणे बेकायदेशीर आहे, आणि मालवाहू गाडीतून जाणाऱ्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच स्पष्ट केलेले आहे. मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला आणि गाडीवर कामाला असलेल्या माणसांना विम्याचे छत्र मिळू शकते, परंतु तेही पॉलिसीत नमूद केलेल्या अटींवर आणि आसनक्षमतेच्या मर्यादेत. पैशांचे सोडून दे. वळणावर पॅनेलच्या धारदार कडा आणि लोखंडी नळ्या यांच्यामध्ये बसलेल्या पोराचे काय होईल, याचा विचार कर. ती कुणाची तरी मुले आहेत आणि तुझ्या भरवशावर घरातून निघालेली आहेत.

म्हणून आसनक्षमता नोंदणीच्या कागदावर किती लिहिली जाते, हे आधी विचार. काही पिकअपना चालक अधिक एक, तर बोलेरो मॅक्ससारख्या काहींना चालक अधिक दोन अशी मान्यता आहे. दुसरी घेतलीस तर तीन जण केबिनमध्ये बसतील आणि चौथा मोटारसायकलवर येईल. टोळीसाठी मोटारसायकलचे पेट्रोल देणे हा तुझ्या धंद्याचा खर्च समज आणि दरपत्रकात धर.

परवान्यांविषयी दोन गोष्टी नीट समजून घे. ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, ३,००० किलोंपेक्षा जास्त नाही, तिला कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. सव्वा-दीड टनापर्यंत भारक्षमता असलेल्या बहुतेक गाड्या या मर्यादेत बसतात आणि पावणेदोन-दोन टनांच्या बहुधा बसत नाहीत. वजनकाट्याच्या पावतीवरून लहान गाडी पुरत असेल, तर ही सवलत घेण्यासारखी आहे. परंतु केवळ परमिटच्या कटकटीपायी लहान गाडी घेऊन ती रोज ओव्हरलोड करणे, हा उलटा व्यवहार होईल. लायसन्सची चिंता नको. एकूण वजन ७,५०० किलोंपर्यंत असलेले मालवाहू वाहन हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केले आहे.

आता पर्यायांविषयी. शोरूममधला विक्रेता तुझ्यापुढे मोठी यादी ठेवेल. त्यातून निवडताना एकच कसोटी लाव: ही गोष्ट नंतर बाहेरून बसवता येईल का? येत असेल तर आज तिच्यावर पैसे घालू नकोस. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, मॅट, पुढचा गार्ड, जादा दिवे या सगळ्या वस्तू गावात निम्म्या खर्चात होतात आणि कर्जात घालून त्यांच्यावर चार वर्षे व्याज भरण्याचे काही कारण नाही. पॉवर स्टिअरिंग, हौद्याची लांबी, मागच्या पाट्यांची (स्प्रिंगची) आणि टायरची क्षमता, इंधनाचा प्रकार या गोष्टी मात्र नंतर बदलता येत नाहीत, किंवा बदलल्या तर नोंदणीत अडकतात. पाटे वाढवून घेतले की कागदावरची क्षमता वाढते, असा एक गैरसमज आहे. कागदावर जुनाच आकडा राहतो आणि दंड त्याच आकड्यावर लागतो.

एसी मी आग्रहाने घ्यायला सांगेन, तोही कंपनीनेच बसवलेला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, पण गाडी आणि माल मिळून एकूण वजन साडेतीन टनांच्या आत असलेल्या मालवाहू गाड्या त्या नियमात येत नाहीत, त्यामुळे तिथे निर्णय तुझा आहे. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये दिवसभर उन्हात सांगाडा उभारून संध्याकाळी दीडशे किलोमीटर परत येणारा चालक पेंगतो, आणि तो एकटा नसतो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी, मात्र नको. काळ्या मातीत पहिला मोठा पाऊस झाल्यावर ती गाडीही रुततेच. शेतापर्यंतचा शेवटचा टप्पा ट्रॅक्टरवर सोपवणे स्वस्त पडते. सीएनजी शहरात फेऱ्या मारणाऱ्याला लाभते, तुझ्या दूरच्या वाड्या-वस्त्यांसाठी डिझेलच ठीक. वीस फुटी लोखंडी पाइप न्यायचे असतील, तर त्या दिवशी मोठी गाडी भाड्याने घे. महिन्यातून एकदा येणाऱ्या कामासाठी रोजची गाडी निवडू नये.

किंमत ठरवताना दरपत्रक लेखी घे आणि त्यावर व्हेरिएंटचे पूर्ण नाव, हौद्याचे माप, आसनक्षमता, एकूण वजन आणि उत्पादनाचे वर्ष लिहून माग. मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, आणि गाडी फर्मच्या नावावर, फर्मच्या जीएसटी क्रमांकासह घेतलीस तर त्या कराचे क्रेडिट मिळू शकते. तुझ्या सीएला बुकिंगच्या आधी विचार, नंतर नव्हे. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, असे बंधन नाही. बाहेरचे दोन दर काढ.

दुहेरी केबिनचा विचार कायमचा सोडून दे, असे मी म्हणत नाही. सरकारी योजनेतल्या पंपांवर पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी असते, म्हणून जसजसे बसवलेले पंप वाढतील तसतशा तुझ्या दुरुस्तीच्या फेऱ्या वाढतील, आणि त्या फेऱ्यांत पॅनेल नसतील, तीन-चार माणसे, हत्यारे आणि फार तर एखादी मोटर असेल. त्या कामाला दुहेरी केबिन अगदी योग्य आहे. ती तुझी दुसरी गाडी होऊ दे.

वजनकाट्याच्या दोन्ही पावत्या आणि शोरूमचे लेखी दरपत्रक यांचे फोटो मला पाठव. ते पाहून मी कळवीपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नकोस.

तुझा,
काका