साठीनंतर स्नायू झिजतायत हे कुठल्या ब्लड टेस्टमध्ये कळतं?

नुसत्या रक्तावरून पक्कं सांगेल अशी एकही टेस्ट आज नाहीये. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' एवढ्यावर आमच्या घरात वर्ष फुकट गेलं, म्हणून लिहितेय.

आई ७४ ची, परळला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. सुरुवात कशी झाली तर गॅलरीतल्या दांडीवरचे कपडे गळायला लागले, खालच्या काकू रोज ओरडायच्या की आमच्या वाळलेल्या कपड्यांवर पाणी पडतंय. जन्मभर गोधड्या पिळल्या त्या बाईने, आणि आता साध्या टॉवेलचा पीळ अर्ध्यात सुटायचा. हात वर केला की पाटल्या कोपरापर्यंत घसरायच्या. दादाने फुल बॉडी चेकअप करून आणला, क्रिएटिनिन ०.५, म्हणाला बघ किडनी ठणठणीत, म्हातारपणी माणूस वाळतोच, तू उगाच डोक्यात घेऊन बसतेस.

अरे पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतल्या क्रिएटिनमधून! स्नायूच उरले नाहीत तर ते कमीच दिसणार ना. पुढच्या डॉक्टरांनी सिस्टॅटिन सी, म्हणजे किडनीचीच दुसरी ब्लड टेस्ट, करायला लावलं, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं, ते वाढलेलं निघालं, म्हणजे किडनीही काही ठणठणीत नव्हती, एका गोळीचा डोस कमी करावा लागला. क्रिएटिनिन भागिले सिस्टॅटिन सी हा आकडा बराच खाली असेल तर स्नायू कमी असल्याचा संशय घेतात, रक्तातून मिळतं ते एवढंच. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी टेस्ट) दहा कारणांनी हलतात. सीपीके, म्हणजे स्नायूंतलं एन्झाइम मोजणारी टेस्ट, यासाठी करूच नका, स्नायूला इजा झाली की तो वाढतो, हळूहळू झिजताना बहुतेकदा नॉर्मलच असतो. मायोस्टॅटिन, जीडीएफ-१५ वगैरे रक्तातली प्रोटीनं मोजणं अजून संशोधनातच आहे.

खरी परीक्षा सुईशिवाय होते. स्नायूंच्या झिजेसाठीच्या २०१९ च्या आशियाई निकषांप्रमाणे हाताची पकड (ती यंत्रावर दाबून मोजतात) बाईची १८ किलोच्या खाली, पुरुषाची २८ च्या खाली, किंवा हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पुढे तपासायचं, मग स्नायू किती आहेत ते मोजणारा डेक्सा स्कॅन वगैरे. आईची पकड ११ आली. उठबस तीनदा जमली, चौथ्यांदा तिने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून डोळ्यासमोरून जात नाही.

तेव्हा हजारोंचं पॅकेज घेण्याआधी घरी घड्याळ लावून उठबस करून बघा, आणि वजनाचा व्यायाम आणि प्रोटीन लवकर चालू करा. हां, किडनी कमजोर असेल तर प्रोटीन डॉक्टरांना विचारूनच वाढवा, आणि थायरॉइड असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर सिस्टॅटिन सी सुद्धा फसवतं.

दादा अजून म्हणतो रिपोर्ट नॉर्मलच होता. होता रे, पण टॉवेल गळत होता ना, तो तूही रोज बघत होतास.