पत्र्याच्या शेडमधील उकाडा आणि हवा ओढणारे पंखे

प्रश्न : कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. पत्र्याची शेड 30 मीटर लांब, 15 मीटर रुंद आणि सरासरी 6 मीटर उंच आहे. छपरावर वाऱ्याने फिरणारे सहा टर्बो व्हेंटिलेटर आणि रोलिंग शटरजवळच्या भिंतीत दोन एग्झॉस्ट पंखे आहेत. तरीही बिया सोलणाऱ्या महिला बसतात त्या बाजूला वाफ आणि डोळ्यांना झोंबणारा धूर कोंडून राहतो. माश्या आणि धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. आणखी पंखे बसवावेत, की टर्बो व्हेंटिलेटर वाढवावेत?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या पत्रातील बंद खिडक्यांचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पंखा जितकी हवा बाहेर टाकतो तितकीच हवा कुठून तरी आत यावी लागते. तिला वाट नसेल तर पंखा फिरत राहतो, वीज खातो आणि हवा मात्र फारशी हलत नाही. आपल्याकडे ती वाट शटरचीच आहे आणि पंखे त्याच्या शेजारी असल्यामुळे आत आलेली ताजी हवा चार पावलांवरून लगेच बाहेर जाते, सोलणीच्या बाजूची हवा जागच्या जागी राहते. पंखे चालू असताना सोलणीच्या टेबलापाशी एक उदबत्ती धरून पाहावी. धूर एका दिशेने ओढला न जाता तिथेच घुटमळत असेल, तर त्या पंख्यांचा तिथल्या महिलांना काहीही उपयोग होत नाही.

शेडचे घनफळ 2700 घनमीटर आहे. आपल्यासारख्या कामासाठी तासाला 15 वेळा हवा बदलावी असे मी धरतो. म्हणजे तासाला 40,500 घनमीटर, सेकंदाला सुमारे 11 घनमीटर हवा लागेल. ती सेकंदाला 2 मीटर वेगाने आत यायची असेल, तर साडेपाच चौरस मीटरांहून थोडी अधिक मोकळी जागा हवी, आणि माश्यांसाठी जाळी लावल्यावर वाट अडते म्हणून झरोके त्याहून मोठे ठेवावे लागतील. हे झरोके सोलणीच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या उंचीच्या आसपास असावेत आणि पंखे समोरच्या भिंतीत वर, म्हणजे हवा आधी माणसांवरून आणि मग यंत्रांवरून जाईल. गोव्यात दुपारचा वारा समुद्राकडून, पश्चिमेच्या बाजूने येतो. त्याच्या तोंडावर पंखे बसवले की त्यांना वाऱ्याशी झगडावे लागते. शेडची रचना परवानगी देत असेल तर झरोके पश्चिमेला आणि पंखे पूर्वेला ठेवावेत; मात्र पश्चिमेच्या झरोक्यांना पावसासाठी खोल लूव्हर (तिरप्या पट्ट्यांची झडप) आणि वर छज्जा हवाच.

वाफ आणि धूर यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण ते शेडभर पसरू देऊन मग सगळी हवा बदलत बसणे महागात पडते. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 14 मध्येही हेच तत्त्व होते : शोषणाचे साधन धूळ किंवा धूर निघतो त्या जागेच्या शक्य तितके जवळ असावे आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त असावी. ओढणाऱ्या नळीच्या तोंडापासून एका व्यासाइतके दूर गेले की हवेचा वेग सुमारे दहाव्या हिश्शावर येतो. म्हणून बिया वाफवण्याच्या कुकरवर तीन बाजूंनी झाकलेले हूड आणि त्याला स्वतंत्र पंखा लावावा. टरफलातील तेलाची वाफ पात्यांवर चिकट थर करून बसते आणि पंखा मंदावतो, तेव्हा पाती पुसण्यासाठी सहज हात पोहोचेल अशी सोय आधीच ठेवावी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. टरफले जाळणारी भट्टी किंवा बॉयलर त्याच शेडमध्ये असेल, तर हवेची वाट न करता पंखे वाढवणे धोक्याचे आहे, कारण आतला दाब कमी झाला की चिमणीतला धूर उलटा आत खेचला जातो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो वासाने कळत नाही.

टर्बो व्हेंटिलेटर काढू नका, पण वाढवण्याचीही गरज नाही. ते वाऱ्यावर आणि आतल्या गरम हवेच्या वर जाण्यावर चालतात. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा ते मंदावतात, आणि फिरताना दिसले तरी खाली झरोके नसतील तर फारशी हवा काढत नाहीत. तापलेल्या पत्र्यातून डोक्यावर येणारी धग मात्र कोणताही पंखा काढू शकत नाही. तिच्यासाठी पत्र्यावर पांढरा परावर्तक रंग किंवा खालून उष्णतारोधक थर द्यावा. माझ्या मते पुढचा खर्च तिथेच करावा.

प्रश्न : गोदामावरचे टर्बो व्हेंटिलेटर पावसाळ्यात झाकावेत का?
— एक वाचक, वेर्णा

उत्तर : गोदामात काजूगर, कागद किंवा ओलावा धरणारा माल असेल तर जरूर झाकावेत. जुलैतील बाहेरची हवा इतकी दमट असते की ती आत घेऊन माल कोरडा राहत नाही. जिथे भट्टी किंवा वाफेचे काम चालते तिथे मात्र ते उघडेच ठेवावेत, आणि मे महिन्यात बुडाभोवतीचा पत्र्याचा जोड, रबरी वॉशर आणि बेअरिंग तपासून घ्यावेत. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत साधे स्क्रू आधी गंजतात आणि गळती तिथूनच सुरू होते. ते स्टेनलेस स्टीलचे घालावेत.