घरी कुत्र्याच्या चेहऱ्याचे कपकेक करायचे असतील तर आधी कुत्रा ठरवा, क्रीम नंतर

तुमच्या प्रश्नात चार अटी आहेत. लेकीच्या सातव्या वाढदिवसाला कुत्र्यांच्या चेहऱ्यांचे कपकेक हवेत, अंडं चालत नाही, फाँडंटला, म्हणजे साखरेच्या लाटून लावायच्या आवरणाला, मुलं तोंड लावत नाहीत, आणि वाढदिवस पुण्यात, मे महिन्यात, तोही सोसायटीच्या गच्चीवर. चारही सांभाळता येतात. मीही पुण्यातच घरी केक करते आणि प्राण्यांचे चेहरे हा माझा सगळ्यात आवडता प्रकार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सामान आणायला निघण्याआधी कुत्रा ठरवा. नुसता ‘कुत्रा’ असा ढोबळ विचार डोक्यात ठेवून बसलात तर हाताखालून हमखास अस्वल निघतं. गोल चेहरा, वर दोन गोल कान, दोन डोळे आणि नाक म्हणजे अस्वलच. कान टोकदार, उभे केले आणि तोंड सपाट ठेवलं की मांजर. कुत्रा ओळखू येतो तो दोनच गोष्टींवरून: कान कुठून निघतात आणि कसे पडतात, आणि मुस्कट किती पुढे आलंय. रंग, डोळे, जीभ हे सगळं त्यानंतर. लॅब्रेडोरचे कान बाजूला त्रिकोणी पडलेले असतात. बीगलचे लांब, गालांवर लोंबणारे. पॉमेरेनियनचे इवलेसे, केसांत बुडालेले. मुधोळ हाउंड, ज्याला आपल्याकडे कारवान म्हणतात, त्याचा चेहरा लांब आणि निमुळता असतो. गोल कपकेकवर तो काही केल्या बसत नाही, त्यामुळे त्याच्या नादी लागू नका.

माझं ऐकाल तर त्यात एक तरी गावठी कुत्रा करा, आणि तोही मुलांच्या ओळखीचा. परदेशी जातीचा कुत्रा चांगला जमला की मुलं ‘किती गोड’ म्हणतात आणि खायला लागतात. पण ताटात फाटकाशी बसणारा त्यांचा लाल्या दिसला की सगळी त्याच्याभोवती गोळा होतात. त्यासाठी एकदा त्या कुत्र्याकडे नीट बघून घ्या. कपाळावर पांढरा पट्टा आहे का, एक कान अर्धा दुमडतो का, मुस्कट काळं आहे की अंगाच्याच रंगाचं. नसबंदी आणि रेबीजची लस झालेल्या कुत्र्याच्या एका कानाला ओळखीसाठी छोटी खाच केलेली असते. ती खाच कपकेकवरच्या कानाला जरूर करा. मुलांच्या नजरेतून ती सुटत नाही, आणि ती कशासाठी असते हे त्यांना सांगायची संधीही मिळते.

फाँडंट नको असेल तर मिठाईच्या दुकानात जा. हे मी मनापासून सांगते, कारण आपल्या मिठाईला आकार छान धरता येतो, उन्हात ती वितळत नाही आणि मुलं ती खातात. कानांसाठी काजूकतली घ्या, ताजी, मऊ आणि बिनवर्खाची मागून घ्या. शंभर ग्रॅमला साधारण एक चहाचा चमचा कोको पावडर घालून तुपाच्या हाताने मळा. फिकट बदामी रंग येतो, जास्त गडद हवा असेल तर कोको वाढवा. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये तीनेक मिलिमीटर जाड लाटा आणि सुरीने त्रिकोण कापा. उभ्या कानाचा त्रिकोण खालच्या बाजूला बोटांनी किंचित चिमटला की तो मधून खोलगट होतो आणि लगेच कानासारखा दिसायला लागतो. आतल्या बाजूला न रंगवलेल्या काजूकतलीचा छोटा त्रिकोण चिकटवा. पडलेला कान करायचा असेल तर त्रिकोण चमच्याच्या दांड्यावर वाकवून ठेवा. हे सगळं आदल्या रात्री करून ताटलीत उघडं वाळू द्या, सकाळपर्यंत कान कडक होतात. श्रूजबेरीचे किंवा दुसऱ्या बिस्किटांचे कान करायचा मोह होईल, पण ती बिस्किटं इतकी खुसखुशीत असतात की कापताना भुगा होतो.

मुस्कटासाठी मार्शमेलो वापरायची पद्धत आहे. पण बऱ्याच मार्शमेलोमध्ये जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून काढतात. तुमच्याकडे अंडं चालत नाही म्हटल्यावर येणाऱ्या पाहुण्यांतही शाकाहारी असणार, तेव्हा पाकिटावरचा ठिपका बघितल्याशिवाय ते घेऊ नका. मी त्याऐवजी कंदी पेढा वापरते. खवा भाजून केल्यामुळे त्याला जो तपकिरी रंग येतो तो थेट गावठी कुत्र्याचा असतो, त्यात काही मिसळावंच लागत नाही. अर्धा पेढा तळहातावर मळून तीन सेंटिमीटरचा लांबट गोळा करा. रवाळ असेल आणि चिरा पडत असतील तर तुपाचा थेंब लावा. आता सुरीच्या बोथट बाजूने मधोमध वरून खाली एक रेघ, आणि तिच्या खालच्या टोकापासून दोन्ही बाजूंना एकेक वळणदार रेघ. एवढ्यानं ओठ तयार. दोन्ही गालांवर टूथपिकने तीन-तीन ठिपके टोचा. पांढऱ्या तोंडाचा कुत्रा असेल तर कंदीच्या जागी साधी काजूकतली. जिभेसाठी काजूकतलीत बिटाच्या रसाचे दोन-तीन थेंब पुरतात.

नाक आणि डोळ्यांसाठी काळा रंग आणू नका. क्रीममध्ये तो दाट व्हायला भरपूर लागतो आणि मुलांचे दात, जिभा काळ्या करतो. डार्क कंपाऊंड (केकसाठी मिळणारं चॉकलेटसारखं) वितळवून बटर पेपरवर नाकं काढा: वर रुंद, खाली निमुळती, कोपरे गोल. फ्रीजमध्ये दहा मिनिटांत ती सुटून येतात. डोळ्यांसाठी चोको चिप्स टोक आत खुपसून लावा, सपाट गोल बाजू बाहेर. मग टूथपिकच्या टोकाने पांढऱ्या चॉकलेटचा एकेक बारीक ठिपका प्रत्येक डोळ्यात द्या, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. उजव्यात उजवीकडे आणि डाव्यात डावीकडे दिलात तर कुत्रा तिरळा दिसतो. या ठिपक्याशिवाय चेहरा निर्जीव वाटतो. तो दिला की कुत्रा तुमच्याकडे बघायला लागतो. मला स्वतःला या सगळ्या कामात हाच क्षण सगळ्यात जास्त आवडतो.

आता क्रीम. बटरक्रीम मे महिन्यात गच्चीवर नेऊ नका. लोणी पस्तिशीच्या आतच वितळतं, आकार तर त्याच्या बराच आधी सोडतं, आणि आपल्याकडे मेमध्ये पारा अडतीस-चाळीसपर्यंत जातो. गनाश करा. मिल्क कंपाऊंड ३०० ग्रॅम आणि फ्रेश क्रीम १०० ग्रॅम, म्हणजे तिनास एक. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तूप असतं, त्यामुळे ते उन्हात साध्या चॉकलेटपेक्षा जरा जास्त तग धरतं. क्रीम कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवा, बारीक चिरलेल्या कंपाऊंडवर ओता, दोन मिनिटं हात लावू नका, मग मधून बाहेर हलवत एकजीव करा. काही तास झाकून ठेवलं की सुरीने पसरवण्याइतकं घट्ट होतं. पांढऱ्या कंपाऊंडचं असंच गनाश लॅब्रेडोरच्या फिकट रंगाला चालतं, आणि पांढऱ्यावर डार्क चॉकलेटचे ठिपके दिले की डाल्मेशियन.

केसाळ कुत्रा हवाच असेल तर दोन-तीनच करा, व्हिप क्रीमचे, आणि ते अगदी शेवटी वर न्या. त्यासाठी क्रीमच्या पिशवीच्या टोकाला लावायचं गवताचं नोझल मिळतं, २३३ नंबरचं, त्याला बारीक बारीक भोकं असतात. कडेपासून सुरुवात करून आत या, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीवर पडते. दाबा, थोडं ओढा, दाब सोडा आणि मगच हात उचला. पिशवी निम्म्याहून जास्त भरू नका, कारण हाताच्या उबेनेच क्रीम सैल पडतं. केस उभे राहीनासे झाले की पिशवी सरळ फ्रीजमध्ये टाका. नोझल, लायनर (कपकेकचे कागदी कप) आणि कपकेकचे खाचेवाले डबे असं सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळून जातं. शनिवार-रविवार तिथे पाय ठेवायला जागा नसते, मधल्या वारी जा.

केकबद्दल थोडक्यात सांगते. दीड कप मैदा, एक कप दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, एक चमचा व्हॅनिला, आणि चमचे म्हणजे मोजमापाचे चहाचे चमचे. दह्यात साखर विरघळवून त्यात पावडर आणि सोडा घाला, फेस आला की तेल आणि व्हॅनिला, शेवटी चाळलेला मैदा. साधारण बारा होतात. तेलाचाच केक करा, लोण्याचा नको. फ्रीजमध्ये लोणी थिजून केक दगड होतो, तेलाचा मऊ राहतो, आणि तुम्हाला हे फ्रीजमध्ये ठेवावेच लागणार आहेत. कप दोन तृतीयांशच भरा आणि १८० ऐवजी १६५ अंशांवर थोडा जास्त वेळ भाजा. वर घुमट कमी येतो आणि चेहऱ्याला सपाट जागा मिळते.

जोडताना गनाश ओलं असतानाच मुस्कट बसवा, मधोमध नाही, मध्याच्या जरा खाली. डोळे त्याच्या लगेच वर, एकमेकांपासून लांब. डोळे खाली आणि लांब गेले की पिल्लू दिसतं, वर आणि जवळ गेले की मोठा, रागीट कुत्रा. म्हणून चिप खुपसण्याआधी टूथपिकने खुणा करून लांबून बघा. नाक मुस्कटाच्या वरच्या काठावर. कान मात्र वर नेण्याच्या अर्धा तास आधी लावा, कारण फ्रीजच्या ओलाव्याने काजूकतली चिकट होते आणि रात्रभर कडक केलेला कान मान टाकतो. घड्याळात दहा आणि दोन असतात तिथे सुरीच्या टोकाने चीर द्या आणि उभा कान त्यात रोवा. टूथपिकवर टोचू नका, लहान मुलं बघत नाहीत, चावतात. पडलेले कान नुसते गनाशने चिकटतात. खाचेसाठी कानाच्या कडेला सुरीने छोटा व्ही कापला की झालं.

चार-पाच कपकेक नुसतं गनाश लावून तसेच ठेवा, आणि कान, डोळे, नाकं वाट्यांत काढून मुलांसमोर मांडा. सात वर्षांच्या मुलांना तयार चेहऱ्यांपेक्षा याचीच जास्त मजा येते, आणि त्यांचे कुत्रे आपल्या कुत्र्यांपेक्षा भारी होतात.

पार्टीला खराखुरा कुत्रा असेल, घरातला किंवा फाटकावरचा, तर हे कपकेक त्याला देऊ नका, आणि मुलांना तसं आधीच सांगून ठेवा, कारण ती प्रेमाने भरवायला जाणारच. चॉकलेट आणि कोकोतलं थिओब्रोमीन कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं आणि विषारी ठरतं. जितकं चॉकलेट गडद, तितका धोका जास्त. मनुकेही कुत्र्यांना चालत नाहीत, आणि शुगर-फ्री वस्तूंमध्ये असणारं झायलिटॉल तर थोडंसंही घातक आहे. त्याच्यासाठी मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन किंवा रताळं वेगळं काढून ठेवा, आणि ते भरवायचं काम बर्थडे गर्लकडे द्या.